ओली काचपट्टी

१

प्रयोगशाळेतल्या आठही सूक्ष्मदर्शकांशी मावशीची ओळख एकोणीस वर्षांची होती, पण ती शेजारच्या घराशी असते तशी. रोज दारावरून जायचं, आत कधी डोकवायचं नाही. सकाळी आठ लाकडी पेट्या उघडायच्या, आठ यंत्रं टेबलांवर मांडायची, आणि शेवटचा तास संपला की पुसून परत पेटीत घालायची. भिंगं मऊ कापडाने, बाकीचं कोरड्या फडक्याने. मधल्या वेळात काचेचा ढीग समोर असायचाच: चंचुपात्रं, परीक्षानळ्या, वर्गभर वापरलेल्या काचपट्ट्या. शाळेतली मुलं तिला काचमावशी म्हणत. तिच्या हाताखालून डाग असलेली काच सुटत नाही आणि तिच्या हातून काच फुटत नाही, अशी तिची ख्याती होती.

त्या वर्षी प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामी झाली. जीवशास्त्राच्या बाईंनी एका दुपारी मावशीला हात पुसून समोर बसायला सांगितलं.

"ही जागा तुम्ही घ्यायची."

"मला काय येतंय, बाई?"

"सगळं येतंय. फक्त सूक्ष्मदर्शक लावून दाखवायचा. तीन जणांची समिती येणार आहे पुढच्या आठवड्यात. त्यातल्या दोघांना स्वतःला तो लावता येत नसणार, म्हणून घाबरायचं कारण नाही."

मावशीने खूप आढेवेढे घेतले. डोळे अधू झाले म्हणाली, वय झालं म्हणाली, घरी उशीर होतो म्हणाली. बाईंनी तिन्ही सबबी बाजूला सारल्या आणि सात नंबरची पेटी उघडून यंत्र बाहेर काढायला सांगितलं. मावशीने एक हात दांड्याला आणि एक हात पायाखाली घालून ते उचललं.

"बघा, पहिला मार्क इथेच मिळाला," बाई म्हणाल्या. "मुलं एका हाताने मानगूट धरून आणतात."

मग बाई एकेका भागावर बोट ठेवत गेल्या. हा पाया, हा बाहू. हा मंच, याच्यावर काचपट्टी ठेवायची आणि या दोन क्लिपांनी दाबायची. मंचाला मधोमध भोक, खाली आरसा. आरसा खिडकीकडे वळवायचा, म्हणजे उजेड भोकातून वर येतो. वर ही नळी, नळीच्या खालच्या टोकाला फिरती चकती आणि तिला दोन भिंगं, दहाचं आणि चाळीसचं. नळीच्या वरच्या टोकाला नेत्रिका, तिथे आपला डोळा. बाजूला दोन स्क्रू, मोठा आणि बारीक. मावशीला यातलं काहीच नवीन नव्हतं. एकोणीस वर्षं ती या सगळ्याच्या खाचाखोचा पुसत आली होती, फक्त नावांनिशी भेट आज होत होती.

२

पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा तिला काळ्या काड्या दिसल्या.

"त्या तुमच्याच पापण्या," बाई म्हणाल्या. "नवा माणूस आधी स्वतःच्या पापण्याच बघतो. डोळा थोडा मागे घ्या."

मावशीने डोळा मागे घेतला आणि काड्या गेल्या. राहिला एक पांढरा स्वच्छ गोल. बाईंनी कांद्याचा पापुद्रा लावून दिला होता. तो कुठेतरी खाली होता, पण अजून दिसत नव्हता.

"आता कान देऊन ऐका, कारण इथेच वर्षाला वीस काचा फुटतात. आधी बाजूने बघायचं. बाजूने बघत बघत मोठ्या स्क्रूने नळी खाली आणायची, भिंग काचेला टेकणार नाही इतपत. मग डोळा लावायचा. आणि एकदा डोळा लावला की नळी फक्त वर न्यायची. खाली कधीच नाही."

"का?"

"कारण डोळा आत गुंतला की काच किती जवळ आलीय ते कळत नाही. माणसाला वाटतं, अजून थोडं जवळ गेलो की दिसेल. जातो आणि फोडतो. उलट आहे ते. लांब जात जात स्पष्ट होतं. चाळीसच्या भिंगाला तर मोठ्या स्क्रूला हातच लावायचा नाही. तिथे मध्ये कागद सरकेल एवढीच जागा असते."

मावशीने नळी वर नेली. धुरकट काहीतरी हललं, जुळत आलं आणि एकदम विटांची भिंत उभी राहिली. कांद्याच्या पेशी. काचपट्टी उजवीकडे सरकवली तर भिंत डावीकडे गेली. "आत सगळं उलटं असतं," बाई म्हणाल्या, "दोन दिवसांत हाताला सवय होते." मावशीला दुसऱ्याच दिवशी सवय झाली. बाई म्हणाल्या, एवढी वर्षं उगाच फुकट घालवलीत. मावशीने त्यावर भिंग पुसायला घेतलं.

३

बोलण्यासारखं होतं, पण ते बाईंनाही माहीत होतं.

मावशीची मुलगी याच शाळेत शिकली. आठवीपर्यंत. घरी तिला मुंगी म्हणत, कारण चण लहान आणि दिवसभर इकडचं तिकडे काहीतरी वाहून नेत असायची. बाईंच्या तासाला तिने दोन काचा फोडल्या होत्या, दोन्ही घाईने. धीर म्हणून नव्हता पोरीला. आठवीत गालाच्या पेशींचा प्रयोग झाला. गालाच्या आतून काडीने हलकेच खरवडायचं, ते काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचं, निळ्या रंगाचा एक थेंब घालायचा, वरून पातळ काच ठेवायची. त्या दिवशी तास सुटल्यावर मुंगी मोरीशी आली होती आणि म्हणाली होती, "आई, चल ना, माझा गाल बघ. मीच लावलाय, बाईंनी हात पण नाही लावला." मावशीच्या पुढ्यात चाळीस परीक्षानळ्या होत्या. ती म्हणाली, नंतर. त्या रात्री पोरीला ताप भरला आणि पाचव्या दिवशी ती गेली. याला आता अकरा वर्षं झाली होती.

म्हणून मावशीने कधी त्या यंत्रात डोळा घातला नव्हता. इतकं साधं होतं ते.

तिसऱ्या दिवशी, बाई गेल्यावर, मावशी सात नंबरची पेटी आतून पुसत होती. तळाचं हिरवं कापड एका कोपऱ्यात सुटलं होतं. ते चिकटवावं म्हणून उचललं तर खाली वहीच्या कागदाची घडी निघाली आणि घडीत एक काचपट्टी. तिच्या कडेला कागदाची चिठ्ठी डकवलेली होती. अक्षर तिरकं, घाईचं: "हजेरी क्र. २३. गालाच्या पेशी. धुऊ नये." आणि त्याखाली आणखी बारीक अक्षरात, "आई, तुलाच सांगतेय."

मावशी खाली फरशीवर बसली. हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं, आणि दोन्हींना तिने अडवलं नाही. पोरीने काच लपवली होती ती आईच्याच हातापासून. घरात मुंगीचं काहीही उरलेलं नव्हतं. नवऱ्याने पहिल्याच महिन्यात कपडे, वह्या, कंगवा, सगळं बांधून देऊन टाकलं होतं. आणि इथे तिच्या रोजच्या हाताखाली, कापडाच्या आड, मुंगीचा गाल होता.

बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की बोटांना ओल लागतेय. तिने काच तिरपी करून खिडकीकडे धरली. पातळ काचेखाली निळसर पाणी होतं आणि ते हललं.

४

काचपट्टीवरचं पाणी संध्याकाळपर्यंत सुकतं. हे जगात कुणाला माहीत असेल तर ते मावशीला. सुकलेला रंग नखाने खरवडण्यात तिची वर्षं गेली होती. कडा सरसाने बंद केल्या तर टिकतं, बाई कधीकधी तसं करत. तिने कडेवरून बोट फिरवलं. सरस नव्हता. पेटीत ओल आली असेल म्हणावं, तर घडीचा कागद कोरडा ठणठणीत होता. तिने टीपकागदाचा तुकडा कडेला लावला, त्याने पाणी शोषून घेतलं, आणि तिला स्वतःचाच राग आला की हे आपण काय केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पुन्हा तेवढंच होतं.

नवरा शिवणकाम करायचा. घरीच पुढच्या खोलीत मशीन होतं. काच सापडली त्याच रात्री जेवताना ती म्हणाली होती, "मुंगीचं काहीतरी सापडलंय शाळेत."

तो चावायचा थांबला. "काय?"

"गाल."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. तिने सगळं सांगितलं, ओलीबद्दलही सांगितलं.

"नळाजवळ ठेवली असशील. लागलं असेल पाणी," तो म्हणाला.

"पेटीत होती."

"मग पेटीला लागलं असेल."

तो उठला, हात धुतले आणि मशीनवर जाऊन बसला. मशीनचं पायडल हललं नाही. तिच्याकडे पाठ करूनच त्याने विचारलं, "कसा आहे?"

"अजून बघितला नाही."

"बघ की मग," तो म्हणाला. "आणि मला सांग. मी येणार नाही तिथे, पण सांग."

५

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने दार लोटून घेतलं, सात नंबर खिडकीजवळ मांडला, आरसा वळवला आणि काचपट्टी क्लिपांखाली ठेवली. दहाचं भिंग. बाजूने बघत नळी खाली आणली. डोळा लावून वर नेत गेली.

पेशी आल्या. निळसर, पातळ, कडेला दुमडलेल्या, पाण्यात पडलेल्या कागदाच्या कपट्यांसारख्या, आणि प्रत्येकीच्या पोटात एक गडद ठिपका. कुठे एकट्या, कुठे चार-पाच एकमेकींना चिकटून. मावशीचा ऊर भरून आला. या गालावर आपण किती वेळा ओठ टेकले, किती वेळा चिमटा काढला, आणि एकदा चापटही मारली होती, ते सगळं तिला आठवलं. तिने काचपट्टी हळूहळू सरकवत सगळा गाल बघितला. काच उजवीकडे नेली की पेशी डावीकडे जात होत्या, काच खाली आणली की वर जात होत्या. कडेच्या काड्या तेवढ्या जागच्या जागी राहिल्या.

आपल्याच पापण्या, ती मनाशी म्हणाली, आणि डोळा मागे घेतला. काड्या गेल्या नाहीत.

तिने चष्म्याच्या घरातला छोटा आरसा काढून स्वतःचा डोळा पाहिला. पन्नाशीत उरतात तशा चार विरळ पापण्या. आत दिसत होत्या त्या दाट, लांब, टोकाशी वर वळलेल्या. तिने पुन्हा डोळा लावला. नेत्रिकेला काही चिकटलं असेल म्हणून ती काढून, पुसून परत घातली. उजव्याऐवजी डाव्या डोळ्याने पाहिलं. पापण्या होत्याच, पेशींच्या पलीकडे, जराशा धुरकट, एकाच रांगेत.

त्या मिटल्या आणि उघडल्या.

पापणी आपलीच लवली असणार. दमलेल्या डोळ्याला काय, काहीही दिसतं. तिने दोन बोटांनी स्वतःची पापणी वर ओढून धरली, इतकी की डोळ्यातून पाणी आलं, आणि तशीच बघत राहिली. वर्गातलं घड्याळ टकटक करत होतं. बाहेर मैदानात कुणीतरी चेंडू भिंतीवर मारत होतं. आतल्या पापण्या पुन्हा एकदा मिटल्या, जरा थांबल्या आणि उघडल्या. मावशीला भीती वाटली. पण त्या भीतीच्याही आत तिला जे वाटलं ते असं होतं, की ती पटकन खुर्ची ओढून नीट बसली.

घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "पाहिलास?"

"निळा आहे," ती म्हणाली. "छान आहे." पापण्यांचं तिने सांगितलं नाही.

६

पाचव्या दिवशी तिने बाईंना बघायला लावलं. आपण खुळावलो असू तर ते दुसऱ्याच्या डोळ्याने कळावं, एवढाच हेतू. बाईंनी आधी चिठ्ठी वाचली. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि डोळा लावला.

"सुरेख पेशी आहेत," त्या म्हणाल्या. "पोरीचा हात चांगला होता, नुसती घाई नडायची."

"पापण्या दिसतात का?"

"कुणाच्या? माझ्या? मी काय आज शिकतेय?" बाईंनी चाळीसचं भिंग फिरवून आणलं आणि बारीक स्क्रूवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मावशी, स्क्रूला हात लावू नका ना मी बघत असताना."

मावशी दोन पावलं लांब उभी होती. हात पाठीमागे होते.

बाईंनी डोळा काढून यंत्राकडे बाजूने पाहिलं. मोठा स्क्रू अगदी सावकाश फिरत होता आणि नळी खाली उतरत होती. बाईंनी घाईने ती वर ओढली. "सैल झालाय स्क्रू. नळी आपल्याच वजनाने खाली बसतेय. जुनी यंत्रं अशीच करतात. दुरुस्तीला द्यायला हवं, नाहीतर एखादी काच जाईल." त्यांनी काचपट्टी स्वतःच काढून मावशीच्या हातात दिली आणि तिची बोटं क्षणभर धरून ठेवली. "ही टाकून द्या असं मी म्हणणार नाही. पण रोज बघू नका. ऐकाल माझं?"

मावशी हो म्हणाली. बाई गेल्यावर तिने तीच काचपट्टी तीन नंबरच्या यंत्राला लावली. तीन नंबरचा स्क्रू इतका घट्ट होता की मुलं दोन हातांनी फिरवत. ती हात मांडीवर ठेवून बघत बसली. आधी काहीच झालं नाही. मग स्क्रू कुरकुरला आणि नळी एक केसभर खाली आली. थांबली. आणखी केसभर.

अजून थोडं जवळ गेलो की दिसेल, असं ज्याला वाटतं तोच असं करतो. मावशीने काचपट्टी ओढून काढली, घडीत घातली आणि कपाटात कुलूपबंद केली.

सहाव्या दिवशी सकाळी तिने नेहमीप्रमाणे आठ पेट्या उघडल्या. नळ्या वर करून ठेवायचा तिचा एकोणीस वर्षांचा शिरस्ता होता. आठही यंत्रांच्या नळ्या तळापर्यंत उतरलेल्या होत्या, भिंगं मंचावर टेकलेली. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. तिने एकेक नळी वर केली. कुणीतरी रात्रभर एका यंत्राकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाऊन शोधलं असावं, असं तिला वाटलं. आणि वाटल्यावर ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

७

समिती दुसऱ्या दिवशी येणार होती. बाईंनी सांगितलं, आज शेवटचा सराव करा, मी कार्यालयातलं काम आटोपून येते. मावशीने कांदा सोलला, पापुद्रा काढला, लावला, दाखवण्यासारखं सगळं एकदा करून पाहिलं. हात चुकला नाही. मग कपाट उघडलं.

मनाला तिने बजावलं होतं की आज लावायची नाही. चाळीसचं भिंग उतरत आलं आणि काच फुटली तर संपलं. पुन्हा गाल कुठून आणायचा? ही एक बोटभर काच सोडली तर मुंगीचं काही म्हणजे काही उरलेलं नव्हतं. हे सगळं तिला नीट कळत होतं, आणि कळत असतानाच ती काचपट्टी क्लिपांखाली सरकवत होती. अकरा वर्षांत तिला एवढी ओढ कशाचीच लागली नव्हती.

आभाळ भरून आलं होतं. खिडकीतून येणारा उजेड मळका होत गेला. काचपट्टी ठेवताना तिच्या कोपराचा धक्का आरशाला लागला आणि तो भिंतीकडे वळला. तो सरळ करावा म्हणून तिने आधी आत पाहिलं. आतला गोल लखलखीत होता. दुपारी बाराच्या उन्हात असतो तसा.

तिने आरशाला हात लावला नाही. दहाच्या भिंगात पेशी सापडल्या, पापण्याही सापडल्या. तिने चाळीसचं भिंग फिरवून आणलं. आता एकच पेशी गोलभर पसरली होती आणि तिच्या पलीकडे काहीतरी हलत होतं. मावशीचा उजवा हात मोठ्या स्क्रूवर होता. फिरवायला नव्हे, धरून ठेवायला. चिमटीत स्क्रू ओढला जात होता. फार जोर नव्हता त्यात. वेणी घालताना डोकं हलवणाऱ्या पोरीचा असतो तेवढाच, हट्टी आणि उतावळा.

केसभर नळी उतरली. पेशी विरघळून गेली आणि तिच्या मागचं वर आलं. काचेवर निळ्याशिवाय दुसरा रंगच नव्हता, पण हे तपकिरी होतं. मधल्या काळ्या गोलाभोवती बारीक बारीक रेघा, त्यांत एका जागी लहानसा पिवळट ठिपका. मुंगीच्या डाव्या डोळ्यातला तो ठिपका जन्मापासूनचा होता. पाळण्यात पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मावशीने डॉक्टरला दहा वेळा विचारलं होतं, काही वाईट तर नाही ना.

डोळा इकडून तिकडे फिरत होता. मावशीवरून तो गेला आणि थांबला नाही. परत आला, परत गेला. पापण्या भराभर लवत होत्या. मावशी तिच्या पुढ्यात होती, एका कागदाएवढ्या अंतरावर, आणि तिला दिसत नव्हती. स्क्रू पुन्हा खाली ओढला गेला, आता आणखी जोराने. पातळ काच करकरली.

पोरगी आत गुंतली होती. फार जवळ आली होती, आणि जवळून तिला स्वतःच्या पापण्यांशिवाय काही दिसत नसणार. हे मावशीला आठवड्यापूर्वी कळलं नसतं.

उपाय एकच होता आणि तो मावशीच्या चिमटीत होता. पण नळी वर गेली की हा डोळा तिच्या नजरेतून जाणार, हेही तिला माहीत होतं. परत येईल न येईल. तिने तीन श्वास बघून घेतलं, डोळा भरून, ठिपक्यासकट. त्याहून जास्त ती बघत राहिली असती तर काच राहिली नसती.

"मुंगे," ती म्हणाली, वर्गात बोलतो तेवढ्याच आवाजात. "खाली नाही गं. वर ने. माझ्याबरोबर ने, हळू."

तिने स्क्रू वर फिरवला. पलीकडून ओढ आली, अडली, आणि मग सैल पडली. तपकिरी रंग फिका झाला, नुसता डाग झाला, मग तोही पसरून गेला. गोलात पांढरा उजेड तेवढा उरला. मावशीने हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. डोळा मात्र काढला नाही.

थोड्या वेळाने बारीक स्क्रू फिरल्याचा आवाज झाला. थोडा वर. थांबला. थोडा मागे. पुन्हा अगदी किंचित वर, आणि तिथे स्थिर झाला. बाई फळ्यापुढे उभ्या राहून शिकवतात तसा, घाई न करता.

मावशीला समोर काहीही दिसत नव्हतं. तिने पापणी बोटांनी वर धरली, लवू नये म्हणून. डोळ्यातलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं, ते पुसलं नाही. आपण अकरा वर्षांत खूप थकलो, ओळखू येऊ की नाही, असं तिच्या मनात आलं. हसावं की काय ते कळेना, तरी ती थोडीशी हसली.

मागे दार उघडलं.

"अहो मावशी, अंधारात काय करताय? दिवा तरी लावायचा," बाई म्हणाल्या. दोन पावलं आत आल्या आणि तिसरं टाकायच्या थांबल्या. नंतर बोलल्या तेव्हा आवाज त्यांचा वाटत नव्हता. "आरसा भिंतीकडे आहे. मग तुमच्या डोळ्यावर हा उजेड कुठून येतोय?"

"तिथेच थांबा, बाई," मावशी मान न हलवता म्हणाली. "मधे येऊ नका. तिचं बघून होऊ दे."